स्टँडेजचा बोगदा: आत बोटी चालवायच्या कशा, या एका प्रश्नाची 200 वर्षं

आधी उच्चाराचं सांगतो. स्पेलिंग बघून मी वर्षभर स्टँडेज-स्टँडेज करत फिरलो, मग तिथल्याच एका आजोबांनी शांतपणे दुरुस्त केलं, "स्टॅनिज". तिकडे असंच आहे, पुढचं गाव लिहितात भलंमोठं आणि म्हणतात स्लॉविट. तरी शोधणाऱ्याला सापडावं म्हणून खाली स्टँडेजच लिहितोय.

हा बोगदा आहे इंग्लंडात, यॉर्कशर आणि मँचेस्टरच्या मधे जी पेनाइन्स नावाची डोंगररांग आहे तिच्या पोटात. रस्त्याचा नाही, रेल्वेचाही नाही (म्हणजे रेल्वेचे पण आहेत शेजारी, तीच तर गंमत आहे, येतो त्यावर), हा आहे कॅनॉलचा बोगदा. डोंगराच्या आतून पाणी आणि पाण्यातून बोटी. लांबी सव्वातीन मैल, म्हणजे 5.2 किमी. ब्रिटनमधला सगळ्यात लांब कॅनॉल बोगदा, सगळ्यात खोल पण हाच आणि समुद्रसपाटीपासून सगळ्यात उंचावर पण हाच. वर डोंगराचा जास्तीत जास्त 190 मीटरच्या वर थर आहे. एका तोंडाला मार्सडन, दुसऱ्या तोंडाला डिगल.

आई-बाबा तीन महिन्यांसाठी आले होते तेव्हा त्यांना घेऊन गेलो. बाबा सेंट्रल रेल्वेतून रिटायर, अर्धी नोकरी कर्जत-लोणावळ्यात, त्यामुळे घाट आणि बोगदा हे दोन शब्द ऐकले की माणूस सरळ बसतो. मी स्वतः काम करतो सेफ्टीमधे, बंदिस्त जागेत माणसं पाठवायची असतील तर काय काय बघायचं, हवा, बाहेर पडायची वाट, परमिट, हे माझं रोजचं डोकेदुखीचं काम. त्यामुळे लोक जिथं फोटो काढतात तिथं आम्ही दोघं "पण आत बोट बंद पडली तर?" यावर अडकलो होतो, आणि आई आमच्याकडे बघून सुस्कारे टाकत होती. घरी आल्यावर वाचत गेलो आणि लक्षात आलं की हा नुसता ट्रिपचा विषय नाहीये, अख्खी केस स्टडी आहे. म्हणून नीट लिहून काढतोय.

आधी मूळ अडचण समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं उगाच वाटेल.

हडर्सफील्ड नॅरो कॅनॉल हा साधारण 32 किमीचा कॅनॉल, हडर्सफील्डपासून अ‍ॅश्टनपर्यंत, 74 लॉक. लॉक म्हणजे दोन दरवाज्यांमधलं पाण्याचं खोकं, बोट आत घ्यायची, पाणी भरायचं की बोट एक पायरी वर, सोडलं की एक पायरी खाली. नावातच नॅरो आहे, सगळं सात फूट रुंदीच्या बोटींच्या मापाने. 1794 मधे पार्लमेंटचा कायदा झाला आणि त्याच वर्षी बोगद्याचं काम सुरू झालं. इंजिनियर बेंजामिन आउट्रम. त्याचा अंदाज होता पाच वर्षं. लागली सतरा. आपल्याकडच्या फ्लायओव्हरना उगाच नावं ठेवतो आपण.

लक्षात घ्या, 1794 म्हणजे डायनामाइट नाही, ते आलं 1867 मधे. हाताने खडकात भोक पाडायचं, काळी दारू ठासायची, उडवायचं, राबिट बाहेर काढायचं. वरून डोंगरात उभ्या विहिरी खणल्या होत्या, त्यातून खाली उतरून पण खोदत होते आणि पाणी उपसत होते, त्यांच्या राबिटाचे ढिगारे आजही वर माळावर गवताखाली दिसतात. 1799 पर्यंत दोन्ही बाजूचा कॅनॉल बराचसा तयार झाला आणि मधे बोगदाच नाही, मग काय, माल बोटीतून उतरवायचा, घोड्या-खेचरांच्या पाठीवर लादून डोंगर ओलांडायचा, पलीकडे परत बोटीत. आउट्रम 1801 मधे बाहेर पडला. काम रखडलं. शेवटी 1807 मधे थॉमस टेलफर्ड या इंजिनियरला बोलावलं, त्याने काय करायचं आणि कशानंतर काय हा प्लॅन बनवून दिला आणि त्याप्रमाणे काम संपलं. 4 एप्रिल 1811 ला उद्घाटन, पाचशे पाहुणे बोटीत बसून डिगलकडून निघाले आणि एक तास चाळीस मिनिटांनी मार्सडनला बाहेर आले. म्हणजे गाईडसकट बोट-ट्रिप हा प्रकार इथं पहिल्याच दिवसापासून आहे म्हणायचं :)

आता पैसे वाचवायला त्यांनी एक गोष्ट केली जी पुढे दोनशे वर्षं नडली. बोगदा जेमतेम एका बोटीच्या मापाचा ठेवला आणि आत टोपाथ ठेवला नाही. टोपाथ म्हणजे काठावरची घोड्याची वाट, तेव्हा बोटी घोडे ओढायचे. बाहेर ठीक आहे, आत घोडा जाणार कुठून?

यातून तीन गाठी पडल्या आणि त्या तिन्ही जवळपास दोनशे वर्षं तशाच राहिल्या. एक, समोरून दुसरी बोट आली तर दोघं अडकले. दोन, हवा. पाच किमीची नळी, तिच्यात कोंडलेली हवा. तीन, आत काही झालं तर चालत बाहेर यायला जागाच नाही, दोन्ही बाजूला भिंत आणि खाली काळं पाणी. माझ्या कामात यातली एक गोष्ट असली तरी मी फाईल परत पाठवतो, इथं तिन्ही एकत्र.

चौथी एक आहे ती लोकांच्या लक्षात येत नाही. पिचकारीत दट्ट्या ढकलतो तसं आहे हे. बोट जवळपास अख्खी रुंदी भरून जाते, मग पुढचं पाणी मागे यायला दोन्ही बाजूंची अरुंद फट आणि तळाखालची जागा एवढंच उरतं. जोर लावला की वेग वाढत नाही, बोट मागच्या बाजूने खाली बसते आणि पाणी उगाच घुसळलं जातं. त्यामुळे इथं घाई करून कुणाचंच भलं झालेलं नाही, ना माणसाच्या पायांनी, ना इंजिनाने.

पहिलं उत्तर होतं पायांचं. लेगिंग म्हणतात त्याला. बोटीवर फळ्या टाकायच्या, त्यावर उताणं झोपायचं आणि बोगद्याच्या भिंतीवर पाय टेकवून चालायचं. म्हणजे माणूस झोपलेला आणि पाय चालतायत आडवे, अंधारात, वरून डोंगराचं पाणी ठिपकतंय तोंडावर. हे करणारे पगारी लेगर होते, एका फेरीचे एक शिलिंग सहा पेन्स. रिकामी बोट असेल तर एक तास वीस मिनिटं, भरलेली असेल तर तीन तास. आमच्या बोट-ट्रिपच्या गाईडबाईंनी हे सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "म्हणजे झोपून नोकरी." मी म्हटलं बाबा तुम्ही करून बघा, तर म्हणाले आमच्या वेळी पण होते असे, फक्त ते भिंतीला पाय लावत नव्हते.

आणि घोडा? घोडा डोंगरावरून चालत जायचा. ती वाट आजपण आहे, नावच आहे बोटहॉर्स रोड. कंपनीने त्यासाठी एक माणूस ठेवला होता, थॉमस बोर्न. बोटी आत शिरल्या की हा त्यांचे घोडे घेऊन डोंगर चढणार, पलीकडे उतरणार, तिथल्या बोटींचे घोडे घेऊन परत. सदतीस वर्षं त्याने हे केलं, दिवसाला चार-चार वेळा डोंगर ओलांडला, एकूण दोन लाख मैलांच्या वर चालला असा त्याचा हिशोब लावलाय लोकांनी. हा माणूस माझ्या डोक्यातून जात नाही. अख्ख्या आयुष्यात बहुतेक यॉर्कशरच्या बाहेर गेला नसेल आणि चालला पृथ्वीभोवती आठ फेऱ्या होतील एवढं.

बोर्न फक्त घोडेवाला नव्हता, ट्रॅफिकचं पण तोच बघायचा. कारण पहिली गाठ. बोगद्यात चार ठिकाणी रुंद जागा केलेल्या होत्या, समोरासमोर आलेल्या बोटींनी एकमेकांना पास करावं म्हणून. कागदावर छान. प्रत्यक्षात काय झालं असेल ते घाटात एसटी आणि ट्रक समोरासमोर आलेले ज्यांनी बघितलेत त्यांना सांगायला नको. मागे कोण जाणार? कुणीच नाही. खेपेवर पैसे मिळतात, पलीकडे माल आधी पोचवायचाय, भांडणं. मग कंपनीने तो नादच सोडला आणि वन-वे केलं, ठराविक वेळात इकडून, ठराविक वेळात तिकडून, आणि मधेच कुणी घुसू नये म्हणून तोंडाला साखळी.

बाबांना हे ऐकून फार बरं वाटलं. "टोकन," ते म्हणाले. सिंगल लाईनवर स्टेशनमास्तर ड्रायव्हरला टोकन द्यायचा, तो गोळा हातात असल्याशिवाय गाडी सेक्शनमधे घालायची नाही, एका सेक्शनला एकाच वेळी एकच गोळा बाहेर. इथं गोळ्याच्या जागी साखळी. "पण गोळा खोटं बोलत नाही, साखळी उचलता येते," हे पण त्यांनीच वर जोडलं, आणि बरोबर आहे ते, साखळीपाशी बोर्नसारखा कुणी उभा नसेल तर साखळीला काही अर्थ नाही.

मग रेल्वे आली. 1845 मधे रेल्वेवाल्यांनी कॅनॉलच विकत घेतला आणि कॅनॉलच्या शेजारून, थोड्या वरच्या पातळीवर रेल्वेचा बोगदा खोदायला घेतला. हा 1848 मधे पूर्ण झाला. सतरा वर्षांचं काम यांनी तीनेक वर्षांत कसं केलं? कारण शेजारी तयार कॅनॉल बोगदा होता. त्यातून आडव्या खिंडी, अ‍ॅडिट म्हणतात, त्या खोदल्या, राबिट त्या खिंडीतून थेट खाली उभ्या बोटीत आणि बोट बाहेर. नवीन विहिरी फारशा खणाव्याच लागल्या नाहीत. म्हणजे कॅनॉलने स्वतःच्याच सवतीचं बारसं केलं. पुढे 1871 मधे अजून एक सिंगल लाईनचा, आणि 1894 मधे दुहेरी लाईनचा तिसरा, तो कॅनॉलच्या दुसऱ्या बाजूने, आणि दोन्ही तोंडांजवळ आत गेल्यावर तो चक्क कॅनॉलच्या डोक्यावरून पलीकडे जातो. म्हणजे एका डोंगराच्या पोटात चार नळ्या, आणि आडव्या खिंडींनी एकमेकींना जोडलेल्या. हे चित्र डोक्यात ठेवा.

(याच काळात आपल्याकडे बोरघाटाचं काम चाललं होतं, 25 बोगदे, 1863 मधे लाईन सुरू. त्याचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल आल्या-आल्या गेला आणि काम त्याची बायको अ‍ॅलिस हिने पुढे नेलं. बाबा हे सगळ्यांना सांगतात, गाईडबाईंना पण सांगितलं. त्यांनी मनापासून ऐकलं, आणि मग विचारलं घाटात चढ किती आहे. 37 ला 1, बाबांनी ताबडतोब. इथं उलट आहे, अख्ख्या लाईनवर सपाट जागा म्हणजे फक्त बोगद्याच्या आत, त्यामुळे वाफेच्या इंजिनांनी चालता-चालता पाणी उचलायचे हौद रुळांच्या मधे बोगद्यातच बसवले होते. हे ऐकून बाबा जे खूश झालेत.)

रेल्वे आल्यावर कॅनॉलचं काय होणार होतं ते झालं. मालाची शेवटची बोट 1921 मधे गेली. 1944 मधे कायद्याने कॅनॉल बंद. 1948 मधे रॉबर्ट एकमन आणि जुने कॅनॉल वाचवायला निघालेल्या इनलँड वॉटरवेज असोसिएशनची काही मंडळी हट्टाने एक बोट आरपार घेऊन गेली, आणि मग जवळपास पन्नास वर्षं काही नाही. तोंडाला गेट, आत दरडी, गाळ. रेल्वेचे दोन जुने सिंगल बोगदे पण 1960-70 च्या आसपास बंद केले, 1894 चा दुहेरी तेवढा चालू राहिला, आजही मँचेस्टर-लीड्सच्या गाड्या त्यातूनच धावतात.

1974 मधे हडर्सफील्ड कॅनॉल सोसायटी नावाने गावोगावच्या लोकांनी एकत्र येऊन ठरवलं की कॅनॉल परत सुरू करायचा. लोक हसले असतील, कारण काही लॉक बुजवलेली, काही ठिकाणी कॅनॉलवर चक्क कारखान्याची शेड. पंचवीस वर्षं पाठपुरावा, शेवटी लॉटरीच्या मिलेनियम फंडातून आणि सरकारी पैशातून मोठं काम झालं आणि 2001 मधे कॅनॉल उघडला. बोगद्यात गाळ काढला, जिथं खडक सुटत होता तिथं रॉक बोल्ट मारले, काँक्रीटचा फवारा मारला. त्यामुळे आज आत जाताना भिंत सारखी बदलते, आधी विटा, मग उघडा खडक, त्यावर हाताने मारलेल्या सुंब्यांच्या खुणा, मग मधेच राखाडी काँक्रीट, पुन्हा विटा. जिथं खडक चांगला होता तिथं विटांचा खर्च त्यांनी केलाच नाही.

आणि आता खरी केस सुरू होते. बोगदा दुरुस्त झाला, पण 2001 मधे बोटी आत चालवायच्या कशा? लेगर नाहीत. घोडे नाहीत. लोकांच्या नॅरोबोटी आहेत डिझेल इंजिनच्या, सुट्टीवर आलेली कुटुंबं, चालवणारा कालपर्यंत ऑफिसात बसलेला. अशी माणसं पाच किमीच्या अंधाऱ्या नळीत डिझेल इंजिन चालू ठेवून पाठवायची? कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मी त्या खुर्चीत असतो तर मी पण नाहीच म्हटलं असतं.

कॅनॉल चालवणाऱ्यांनी पण नाही म्हटलं, आणि उपाय काढला विजेच्या टगचा, म्हणजे ओढणाऱ्या बोटीचा. बॅटरीवर चालणारी टग बोट पुढे, तिच्यामागे लोकांच्या बोटी इंजिन बंद करून एकीला एक बांधलेल्या, आणि माणसं स्वतःच्या बोटीत नाही तर वेगळ्या प्रवासी डब्यात बसवलेली. सेफ्टीच्या पुस्तकाप्रमाणे बघितलं तर दहापैकी दहा मार्क. धूर नाही, अनाडी माणूस सुकाणूवर नाही, सगळे एका जागी मोजलेले.

पण ओढलेल्या बोटीला सुकाणू नसतं. ती मागे मागे येते, कुठं वळायचं हे तिला ठाऊक नसतं, आणि हा बोगदा काही पट्टी ठेवून आखलेला नाही. पुढची बोट ज्या कोपऱ्यातून अलगद गेली तिथं मागची खांद्याने खडकाला घासत जाणार, आणि मालक पुढे डब्यात बसून आवाज ऐकतोय. नॅरोबोटवाल्यांचं त्यांच्या बोटीच्या रंगावर आपल्याकडच्या ट्रकवाल्यांइतकं प्रेम असतं, विचार करा. वर, काफिला बांधायचा, सोडायचा, माणसं हलवायची, यात वेळ आणि स्टाफ दोन्ही. मला वाटतं टगची व्यवस्था चुकीची नव्हती, पहिल्या दिवशी तीच बरोबर होती, पण ती धोका टाळण्यासाठी बोटवाल्याकडून बोटच काढून घेत होती. लोक कॅनॉलवर येतात ते स्वतः चालवायला. सामान म्हणून जायचं असेल तर वरून ट्रेन आहेच की, तीन मिनिटांत पलीकडे.

2009 च्या सीझनपासून हे बदललं. आता बोट स्वतःच्या इंजिनवर जाते, मालकच सुकाणू धरतो, आणि त्याच्या शेजारी उभा असतो एक ट्रेनिंग घेतलेला सोबती. तिकडे त्याला शॅपरोन म्हणतात. जुन्या काळी लग्नाच्या वयातल्या मुलींबरोबर बाहेर जाताना घरातली एक मोठी बाई जायची, तोच शब्द, बोटीबरोबर लावलाय. आधी बुकिंग करायचं, आत जाण्याआधी बोटीचं माप बघतात, लांबी-रुंदी-उंची, छतावरच्या कुंड्या, सायकली, चिमणी सगळं उतरवायचं. हेल्मेट, लाइफ जॅकेट. आरपार जायला साधारण दोन तास.

मग प्रश्न असा की 2001 मधे जे धोक्याचं होतं ते 2009 मधे चालेल कसं? डिझेल तेच, नळी तीच. इथं ते चार नळ्यांचं चित्र परत काढा.

बंद पडलेला 1848 चा रेल्वे बोगदा, तो कॅनॉलला लागूनच आहे, कोरडा, आणि त्यातून गाडी जाऊ शकते. बोट आत शिरली की त्या बोगद्यातून व्हॅन घेऊन एक माणूस समांतर निघतो. आडव्या खिंडी आल्या की तो तिथं येऊन उभा राहतो, अंधारात भिंतीत एक दिवा आणि एक माणूस दिसतो, हात वर करतो, शॅपरोन सांगतो सगळं ठीक, बोट पुढे, तो पुढच्या खिंडीकडे. ठरलेल्या वेळात बोट आली नाही तर त्याला लगेच कळतं, आणि बाहेर काढायचं झालं तर पाच किमी पाण्यातून नाही, जवळच्या खिंडीतून पलीकडे व्हॅनमधे. तिसरी गाठ सुटली.

आणि हवा? 1894 च्या बोगद्यातून गाडी गेली की ती स्वतःसमोर हवेचा गोळा ढकलत जाते, आणि ती हवा आडव्या खिंडींमधून कॅनॉलमधे फुटते. गाईडबाई सांगत होत्या की खिंडीपाशी असताना गाडी गेली तर आधी लांबून घरघर येते, मग एकदम वारा, कधी कधी धुकं हलत येतं पाण्यावर. बाबांनी लगेच हात वर केला, शाळेतल्यासारखा, "पिस्टन!" म्हणजे गाड्या जात राहतात आणि कॅनॉलचा श्वास चालू राहतो, फुकटात.

मला या सगळ्या केसमधलं हेच सगळ्यात आवडलं. दोन वर्षांपूर्वी माझ्याच कामात, कुठं ते सांगत नाही, एका जागी आम्ही तीन महिने पंखे आणि सेन्सर यांचे कोटेशन गोळा करत बसलो होतो आणि शेवटी शेजारच्या खोलीचा जुना दरवाजा उघडून प्रश्न सुटला, त्याची आठवण झाली. इथं पण उत्तर बोटीत शोधत होते, बोटीचं इंजिन बदला, बोट ओढा, बोटीतून माणसं काढा. उत्तर होतं शेजारच्या भिंतीपलीकडे. ज्या रेल्वेने कॅनॉलचं पोट मारलं तिचाच टाकून दिलेला बोगदा आता त्याची सुटकेची वाट आहे, आणि जो चालू आहे तो फुप्फुस.

सगळं गोड आहे असं पण नाही. पहिली गाठ सुटलेली नाही, वन-वे तो वन-वेच. एका बोटीमागे एक शॅपरोन, एक व्हॅनवाला, दोन्ही तोंडांवर कुणीतरी, मग दिवसाला बोटी मोजक्याच जाणार, त्या पण सीझनमधे ठरलेल्या दिवशी. पाऊस कमी झाला आणि वरच्या तलावांत पाणी नसलं की कॅनॉलच बंद ठेवावा लागतो, मग बुकिंग असून उपयोग नाही. पैशाच्या हिशोबाने हे कधीच फायद्यात येणार नाही, हे सगळं चालवणारी कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट ही धर्मादाय संस्था आहे आणि बरंचसं काम व्हॉलंटियर करतात म्हणून चाललंय. आमच्या गाईडबाई रिटायर शिक्षिका होत्या. आपल्याकडे रिटायर झाल्यावर माणूस सोसायटीचा सेक्रेटरी होतो, इथं बोगद्याचा.

ज्यांची बोट नाही त्यांच्यासाठी मार्सडनच्या बाजूने छोटी ट्रिप असते, अर्ध्या तासाची, साधारण अर्धा किमी आत जाऊन परत. तीच आम्ही केली. मार्सडन स्टेशनला उतरलं की कॅनॉलच्या काठाने दहा-पंधरा मिनिटं चाललं की टनेल एंड, जुनं गोदाम, कॉटेज, चहा. आई म्हणाली मी काही त्या बिळात येत नाही, मी घोड्याच्या वाटेने येते, तुम्ही बोटीने या. आणि खरंच बोटहॉर्स रोडवर थोडी चढून पण आली.

आत शिरल्यावर पहिल्या शंभर मीटरमधे उजेडाची कमान मागे लहान होत जाते, आधी दरवाज्याएवढी, मग ताटाएवढी, मग नाण्याएवढी. जूनचा महिना असून स्वेटर लागला. हात लांब केला तर भिंत लागते (करू नका, ओरडतात). गाईडबाईंनी एका जागी दिवे बंद केले आणि सगळे गप्प झाले, एक लहान मुलगी होती ती पण. नुसतं टप, टप. आणि तेवढ्यात डोक्यावरून गाडी गेली. आवाज आला म्हणणं बरोबर नाही, आवाज बाकातून आला, पायातून आला. बाबा अंधारात हळूच म्हणाले, "डबल हेडिंग नाहीये, एकच इंजिन. सहा डब्यांची असेल." कशावरून, ते त्यांनाच माहीत.

परत निघालो तेव्हा मँचेस्टरची गाडी पकडली, ती त्याच 1894 च्या बोगद्यातून जाते. येताना बाबांनी घड्याळ लावून मिनिटं मोजली होती, जाताना मोजली नाहीत. खिडकीत नुसता अंधार आणि त्यात आपलेच चेहरे. बोगद्यात शिरलो तसं कान दडपले, आणि बाबा खिडकीतल्या अंधाराला उद्देशून म्हणाले, "बघ, आत्ता खाली कुणाचीतरी टोपी उडवली आपण."

आईने पर्समधून बिस्किटं काढली. "कुणाची नाही उडवली," म्हणाली, "तिथं पाटी वाचली मी. शेवटची बोट कधीच गेली."